आवाजाचा पल्ला

थंडीच्या दिवसांत बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी पहाटे पाचला जाग आली, की रेल्वेची शिटी उशाशी वाजल्यासारखी ऐकू येते. नुसती शिटीच नाही, रुळांवरून जाणाऱ्या डब्यांचा ठेकासुद्धा. तशीच गाडी दुपारी दोनला येते आणि जाते, तेव्हा पत्ताही लागत नाही. लहानपणी माझी खात्री होती, की पहाटेचा ड्रायव्हर शिटी जास्त जोरात वाजवतो. काकांना विचारलं तर म्हणाले, "अगं, पहाटं सगळं गप्प असतंय की. म्हणून."

काकांचं उत्तर बरोबर होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं उत्तर गारठ्यात आहे. आवाज किती लांबवर पोचतो, म्हणजे त्याचा पल्ला किती, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. एक, वाटेत तो कुठे वळतो. दोन, तो पोचतो तिथे आधीच किती गोंगाट भरलेला आहे. ही दोन सूत्रं हातात असली की बेळगावची पहाट, मिरजेचा तंबोरा, वडगावातले माग आणि अरबी समुद्रातले देवमासे एकाच धाग्यात ओवता येतात.

आधी आवाज म्हणजे काय ते पाहू. आवाज ही वस्तू नव्हे, तो रेटा आहे. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत गर्दीत उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मागून कुणी ढकललं की माणूस आपल्या जागेवरच किंचित पुढे-मागे होतो, पण रेटा मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात पार देवळाच्या दारापर्यंत पोचतो. तबल्यावर थाप पडली की पुडी हलते, लगतच्या हवेला रेटते, ती हवा पुढच्या हवेला. असे रेटे सेकंदात किती वेळा येतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. कमी आले की आवाज खर्जाचा, जास्त आले की बारीक, तार. धडधाकट तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं.

हवेत हा रेटा २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर धावतो. हवा गार असेल तर थोडा सावकाश. एका अंशामागे सेकंदाला ०.६ मीटर, एवढाच फरक. पण पहाटेच्या शिटीची सगळी किमया या एवढ्याशा फरकात आहे.

कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची परेड पाहिली असेल तर आठवा. जवानांची आडवी रांग वळते तेव्हा एका टोकाचा जवान जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि दुसऱ्या टोकाचा लांब ढांगा टाकतो. सगळी रांग सावकाश चालणाऱ्याच्या बाजूला वळते. आवाजाच्या लाटेचंही असंच होतं. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्या अंगाची हवा गार होते आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. लाटेचा वरचा भाग भराभर पुढे जातो, खालचा मागे रेंगाळतो, आणि लाट जमिनीकडे झुकते. जो आवाज एरवी वर आभाळात निघून गेला असता, तो कौलांवरून घरंगळत आपल्या खिडकीशी येतो. दुपारी सगळं उलट. जमीन तापलेली, खालची हवा गरम, लाट वर वळते आणि आपल्या डोक्यावरून निघून जाते.

आवाज नेहमी जिकडे त्याची चाल मंद, तिकडे वळतो. हे वाक्य समुद्रात पुन्हा लागणार आहे.

पाण्यात आवाज किती वेगाने जातो, हे १८२६ साली स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या जिनिव्हा सरोवरात मोजलं गेलं. कोलादाँ आणि स्टर्म या दोघांनी रात्रीच्या वेळी हा प्रयोग केला. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली. तिच्यावर हातोडा पडायचा त्याच क्षणी होडीवर दारूचा भडका उडायचा. पलीकडच्या काठाजवळ, १३ किलोमीटरहून जास्त अंतरावर, दुसऱ्या होडीत कोलादाँ पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून बसलेला. उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतची सेकंदं मोजायची, इतकं साधं. उत्तर आलं सेकंदाला १,४३५ मीटर, तेही ८ अंशांच्या गार पाण्यात. समुद्रात हा वेग साधारण १,५०० मीटर धरतात, म्हणजे हवेच्या चौपटीहून जास्त. पाणी दाबलं जायला हवेपेक्षा कितीतरी नाखूश असतं, म्हणून रेटा झटकन पुढे सरकवतं.

आता समुद्राचा विचार करा. वरचं पाणी उन्हाने तापलेलं, तिथे आवाज वेगात. खाली जावं तसं पाणी गार, आवाज मंद. पण आणखी खाली गेलं की वरच्या पाण्याचा दाब एवढा वाढतो की आवाज परत वेग घेतो. म्हणजे मध्ये कुठेतरी एक थर असा असणार, जिथे आवाजाची चाल सगळ्यात मंद. बऱ्याच महासागरांत तो १,००० मीटरच्या आसपास सापडतो. या थरातला आवाज वर निघाला की खाली वळतो, खाली निघाला की वर वळतो. पाटाच्या पाण्यासारखा तो दोन बांधांमध्ये वाहत राहतो, ना पृष्ठभागाला आपटून विखुरतो, ना तळाच्या चिखलात मुरतो. युइंग आणि वर्झेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रयोगाने हे दाखवलं. त्याचा सगळ्यात थक्क करणारा पुरावा १९६० मध्ये मिळाला. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ समुद्रात स्फोट केले, आणि ते अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटाजवळ ऐकू आले. अंतर जवळपास २०,००० किलोमीटर. आवाजाला लागले सुमारे पावणेचार तास. शहापूरची पहाट आणि हा समुद्रातला पाट, दोन्हीकडे नियम तोच.

समुद्रात आवाजाला इतकं महत्त्व का, तर तिथे डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. सूर्यप्रकाश २०० मीटरच्या खाली जवळपास संपतो, आणि गढूळ किनाऱ्यावर तर पाच-दहा मीटरवरचंही दिसत नाही. आपण मासा पाहतो तो बाजारात, बर्फावर, त्यामुळे मासे मुके असतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपल्या बाजारात गोवा-कारवारहून येणारा ढोमा आणि भलताच महागडा घोळ हे दोन्ही वाजणाऱ्या माशांच्या कुळातले आहेत. त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळीची तीच पिशवी कोळी भोत म्हणून वेगळी काढून विकतात. पिशवीच्या कडेचे स्नायू भराभर आखडतात आणि पिशवी डग्ग्यासारखी घुमते. विणीच्या काळात अशा माशांचे थवेच्या थवे एका वेळी वाजायला लागतात.

त्याहून नवलाची एक बोटाएवढी कोळंबी आहे. तिची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. ती नांगी इतक्या झपकन मिटते की पाण्याची बारीक चिळकांडी उडते, तिच्यामागे दाब एकदम पडून बुडबुडा तयार होतो आणि लगेच फुटतो. आवाज येतो तो नांगीच्या आपटण्याचा नाही, बुडबुडा मिटण्याचा. २००० साली वेगवान कॅमेऱ्याने हे सिद्ध झालं. तोवर सगळे नांगीलाच श्रेय देत होते. उथळ, कोमट समुद्रात अशा हजारो कोळंब्या एकदम वाजत असतात, तेव्हा पाण्याखाली कढईत तळण पडल्यासारखी अखंड चरचर ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांना ही चरचर फार छळायची. हा बुडबुडाही ध्यानात ठेवा, पुढे तो जहाजांच्या गोष्टीत येईल.

हा सगळा कलकलाट निरुपयोगी नाही. प्रवाळांत जन्मलेली माशांची पिल्लं आधी उघड्या समुद्रात वाहून जातात आणि परतताना प्रवाळाच्या आवाजाच्या रोखाने येतात. ऑस्ट्रेलियात मरायला टेकलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांवर शास्त्रज्ञांनी पाण्याखाली स्पीकर लावले आणि निरोगी प्रवाळाचा आवाज वाजवला. ४० दिवसांत तिथे मासे दुप्पट झाले. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गजबज ऐकून गिऱ्हाईक रविवार पेठेत वळावं, तसे मासे वळले.

आवाजाने पाहणारे प्राणी बघायला मात्र समुद्रापर्यंत जायची गरज नाही. आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथे रॉटन यांच्या नावाने ओळखलं जाणारं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं. अतिशय दुर्मीळ जात, आणि तिच्या वसतीची भारतातली सगळ्यात नावाजलेली जागा हीच. कीटक खाणारी वटवाघळं काळोखात आवाज सोडतात आणि आदळून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून किडा कुठे, खडक कुठे ते ओळखतात. गोव्याच्या समुद्रातले डॉल्फिन पाण्यात हेच करतात. दोघांचेही आवाज आपल्या कानांच्या बरेचदा पलीकडचे, अतिशय तार असतात. त्याला कारण आहे. हवेत ५०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जेमतेम ७ मिलिमीटर लांब असते, एखाद्या किड्याएवढी. लाट वस्तूच्या मानाने लहान असेल तरच ती त्या वस्तूवरून नीट परत फिरते. नाहीतर नुसती वळसा घालून पुढे जाते. पण असा बारीक आवाज वाटेत लवकर विरतो. खर्जाचं उलट. समुद्रात २० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट ७५ मीटर लांब असते. ती बारकावे दाखवत नाही, पण फार दूर जाते. बारीक आवाज तपशील देतो, खर्ज पल्ला देतो. निळा देवमासा खर्जात बोलतो तो याचसाठी. लक्षद्वीपजवळच्या समुद्रात उत्तर हिंदी महासागरातल्या निळ्या देवमाशांचं गाणं पाण्याखालच्या मायक्रोफोनवर टिपलं गेलं आहे.

आणि चोर्ला घाट उतरून आपण ज्या गोव्याला जातो, तिथल्या समुद्रात हंपबॅक देवमाशांचं गाणंही टिपलं गेलं आहे. हे वाचलं त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नव्हती. आपण वाळूत बसून लाटा ऐकत असतो आणि त्याच पाण्याखाली कुणीतरी गात असतं! अरबी समुद्रातले हे हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे ये-जा करत नाहीत, वर्षभर इथेच राहतात. ओमानजवळच्या मोजणीत त्यांची संख्या शंभराच्या आत भरली. इतकी थोडकी मंडळी आणि एवढा मोठा समुद्र, तेव्हा आवाजाचा पल्ला हा त्यांच्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

याला गाणं म्हणायचं ते उगीच कौतुकाने नाही. १९७१ साली रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी हंपबॅकच्या आवाजाची रचना मांडली. सुटे स्वर मिळून एक ओळ, तीच ओळ पुनःपुन्हा घोळवायची, मग दुसरी, आणि सगळ्या ओळी ठरलेल्या क्रमाने झाल्या की परत पहिल्यापासून. बंदिशीची अस्ताई-अंतरा शिकलेल्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. एका भागातले नर एका हंगामात एकच गाणं गातात, पण ते गाणं वर्षागणिक थोडंथोडं बदलत जातं. कधीकधी तर पुरतं बदलतं. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पश्चिम किनाऱ्याचे काही देवमासे आले. दोन वर्षांत पूर्वेच्या सगळ्यांनी आपलं जुनं गाणं टाकून पाहुण्यांचं गाणं उचललं.

सीमाभागात राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. आपल्याकडे सूर कधी हद्दीवर थांबलेच नाहीत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून. मराठी संगीत नाटकाला घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आणि १९२४ साली सुळेभावीत एका कन्नड घरात जन्मलेला मुलगा पुढे कुमार गंधर्व झाला. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी केलं, कित्येक वर्षं गाणं बंद. त्या काळात देवासला अंथरुणावर पडून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या बायाबापड्यांची माळव्याची गाणी ऐकली. नंतर त्यांच्या गळ्यातून जे उमटलं त्यात ते ऐकणं जागोजाग दिसतं. गाता येत नव्हतं तेव्हा ते ऐकत होते, या गोष्टीने मला नेहमीच हलवलं आहे.

सूर आणि गोंगाट यांत फरक काय, हे समजायला तबल्याइतकं चांगलं वाद्य नाही. कुठलीही वस्तू वाजली की एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर निघतात. तारेत ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटीत असतात, म्हणून कानाला ते एकजीव, गोड लागतात. साध्या चामड्यात मात्र वरचे स्वर दीडपट आणि थोडं वर, दुपटीहून जरा जास्त, असे वेडेवाकडे येतात. म्हणून ढोल-ताशाचा गडगडाट होतो, त्याला सा देता येत नाही. आपल्या कारागिरांनी पुडीच्या मध्यावर लोहाच्या किसाची शाई घोटून घोटून बसवली, आणि त्या वजनाने वरचे स्वर ओढून जवळजवळ अचूक पटींवर आणले. कुठलंही गणित हाताशी नसताना, केवळ कानाने! सी. व्ही. रामन यांना याचं इतकं नवल वाटलं की १९२० साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यासोबत यावर शोधनिबंध लिहिला.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी तंबोऱ्याकडे लक्ष वळवलं. बेळगावहून रेल्वेने मिरजेला उतरलात तर सतारमेकर गल्लीत जाऊन एखादा कारागीर जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना बघाच. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, किंचित उताराची, रुंद असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. तो एका ठरावीक जागी आला की तार झंकारताना घोडीला हलकेच घासत राहते, आणि मूळ स्वरातली ताकद वरच्या स्वरांमध्ये वाटली जाते. केसभर धागा इकडे-तिकडे झाला की आवाज मिटतो. नीट बसला की चार तारांतून सगळी खोली भरते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फार उशिरा मिळालं, असं मला वाटतं.

माईक येण्याआधीचे नट-गायक उंच पट्टीत गायचे, त्यामागेही पल्ल्याचंच गणित आहे. माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. एवढ्या लांबीची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपास घुमते, त्यामुळे तिथला आवाज आपल्याला सगळ्यात जास्त टोचतो. तयारीच्या गळ्यात या पट्ट्यात भरपूर धार असते. म्हणून तंबूच्या शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळायचा.

भाषाही आवाजच. कन्नडमध्ये ए आणि ओ दोन्ही ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे असतात, आणि त्यावर शब्दाचा अर्थ बदलतो. आपल्या लिपीत तो फरक नाही. उलट आपण चहातला च आणि चाकातला च वेगळे म्हणतो, ते कन्नड माणसाला अवघड जातं. नव्या बाळाला मात्र जगातल्या बहुतेक भाषांमधले असे फरक ऐकू येतात. कॅनडात जेनेट वर्कर यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाची होत आली तेव्हा कळेनासा झाला. घरात जे ऐकू येत नाही ते कान सोडून देतो. वडगाव-अनगोळच्या गल्लीत दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या पोरांचे कान दोन्हीकडे उघडे राहतात, ही आपल्या भागाची मिळकत आहे.

आता काकांकडे येते. काकांची तीस वर्षं वडगावातल्या मागांवर गेली. यंत्रमागाचा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, तसे वीस-वीस माग एका पत्र्याखाली. तिथला आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे असतो. डेसिबलचं माप थोडं फसवं आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट. २० वाढले म्हणजे शंभरपट. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा हिशेब असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. काका रोज आठ-दहा तास उभे असायचे, कानात कधीकधी कापसाचा बोळा, बास.

कानाच्या आत शंखासारख्या नळीत १५-१६ हजार केसाळ पेशी असतात. त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. गोंगाटाने आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशी जातात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्ट्यात असतात, ते शाबूत राहतात. पण स, श, त, क ही व्यंजनं वरच्या पट्ट्यात असतात. म्हणून माणूस बहिरा वाटत नाही, हाक मारली तर वळून बघतो, पण "साखर" म्हटलं का "भाकर" ते त्याला कळत नाही. काका म्हणायचे, "आवाज येतोय गं, खरं काय म्हणालीस ते कळंना." घरात सगळे समजायचे की काकांचं लक्ष नसतं. त्यावरून मीही चिडले आहे. विज्ञानाचं हे पान मी वेळेत वाचलं असतं तर ओरडण्याऐवजी समोर येऊन, ओठ दिसतील असं सावकाश बोलले असते.

कान मरण्याआधीही गोंगाट एक नुकसान करतो, त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. तो दुसऱ्या आवाजांना झाकोळून टाकतो. उघड्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे भोवतालचा गोंगाट नुसता ६ डेसिबलने चढला, तर १०० मीटरवर कळणारी हाक ५० मीटरवरच विरते. पल्ला निम्मा. हाक पोचणारा परिसर मोजला तर पाव. आणि समुद्रात वर-खालीही ऐकायचं असल्यामुळे तिथे उरतो आठवा हिस्सा. दुपारी दोनच्या गाडीचं हेच होतं. गणपत गल्लीतल्या हॉर्नांखाली ती आपल्या पल्ल्याबाहेर जाते. काकांचं अर्धं उत्तर हे होतं.

मी शाळेत असताना झांजपथकात होते. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री हात सुजेपर्यंत झांज वाजवली आहे, आणि ढोलाचा ठोका छातीत उतरतो तेव्हाचा तो आनंद मला नीट ठाऊक आहे. म्हणून मिरवणुकीतल्या डीजेबद्दल मी उपरेपणाने बोलत नाही. त्याच्या ५० हर्ट्झच्या दणक्याची लाट जवळपास ७ मीटर लांब असते. भिंत, दार, गादी तिला अडवू शकत नाही, खर्ज पल्ला देतो तो असा. शब्द दारातच थांबतात आणि दणका आजाऱ्याच्या खाटेपर्यंत जातो. आपल्या देशाच्या २०००च्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. स्पीकरच्या भिंतीसमोर दोन-तीन तास नाचणाऱ्या पोरांचा वरच्या हिशेबाने विचार केला की मला काकांचे माग आठवतात.

समुद्रातही असेच माग बसले आहेत. जहाजाचा पंखा फिरतो तेव्हा त्याच्या पात्यांवर त्या कोळंबीसारखेच बुडबुडे होतात आणि फुटतात, पण अखंड, दिवसरात्र. त्यांचा आवाज खर्जातला, नेमका देवमाशांच्या पट्टीतला. कॅलिफोर्नियाजवळ १९६०च्या दशकातली मोजणी चाळीस वर्षांनी पुन्हा केली, तेव्हा खर्जातला गोंगाट १० ते १२ डेसिबलने चढला होता. वरचं पल्ल्याचं गणित इथे लावून बघा. मुंबई आणि आखात यांच्यामधून तेलाची जहाजं सतत जात-येत असतात, आणि आपले ते शंभराच्या आतले हंपबॅक त्याच समुद्रात एकमेकांना शोधत असतात.

देवमाशांना याचा त्रास होतो हे कसं कळलं, ती गोष्ट एका दुःखद योगायोगाची आहे. कॅनडाच्या फंडी आखातात शास्त्रज्ञ राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा करत होते. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि जहाजांची ये-जा एकदम रोडावली. आखातातला खर्जातला गोंगाट ६ डेसिबलने उतरला. त्याच दिवसांतल्या नमुन्यांत ताणाच्या संप्रेरकांचे अंशही उतरलेले आढळले. पुढच्या वर्षांत तशी उतरण दिसली नाही. या तुलनेचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्लॅस्टिक समुद्रात शतकभर राहतं. आवाज मात्र बंद केला की त्याच क्षणी संपतो. जहाजाचा वेग कमी केला तरी बुडबुडे कमी होतात. व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून देवमाशांच्या वाटेवर जहाजांना हळू जाण्याची विनंती करायला सुरुवात केली, आणि पाण्याखाली फरक मोजता आला.

एप्रिल २०२० मध्ये बेळगाव गप्प झालं होतं. रेल्वे बंद, माग बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. काका तोवर सत्तरीच्या पुढे गेलेले. दुपारी कट्ट्यावर बसलेले असताना त्यांनी मला हाताने बोलावलं. "ही कोकीळ यंदाच आली व्हय गं?"

शेजारच्यांच्या आंब्यावर ती दरवर्षी येते. कोकिळेचा आवाज दीड हजार हर्ट्झच्या आतबाहेर असतो, काकांच्या शाबूत राहिलेल्या पट्ट्यात. मी समोर जाऊन बसले आणि सावकाश म्हटलं, "दरवर्षी असती की."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं, मला गप्प केलं आणि पुन्हा आंब्याकडे मान वळवली.